निषेध-शून्य

माहुलगावात घरटी एकच प्रश्न होता:
हवा स्वच्छ व्हावी म्हणून
आपलं कुटुंब महिन्याला किती रुपये देईल?
पन्नास, शंभर, दोनशे.
टॅबलेटवर बोट टेकलं की चौकट हिरवी व्हायची.

पुनर्वसनाच्या इमारतीतला वॉचमन म्हणाला, शंभर,
आणि खोकत दार लावून घेतलं.
नववीतल्या एका मुलीने दोनशे सांगितले,
मग जिन्यापर्यंत मागे धावत आली.
पन्नास करा ताई, पप्पा ओरडतील.

चांगुणा वैती उंबऱ्यात निवट्या साफ करत होती.
सुरी न थांबवता म्हणाली,
"मी कनाला देऊ?
घान माजी हाय?"

मी छापील वाक्य वाचलं:
समजा, एक बाजार आहे, जिथे हवा विकत मिळते.

"बाजार मना नको शिकवू.
चालीस वरसं पाटी घेऊन बसलेय.
दुसरीच्या पाटीन जो थुकंल
त्याना आख्खी पाटी उचलाची, भावानं.
न थुकाचं पैसं त्याला कोन देत नाय."

मग तीच म्हणाली, मना इचार, किती घेशील.
तो प्रश्न फॉर्मवर नव्हता.
तरी तिने हिशेब मांडला.
नवऱ्याचा पंप, अकराशे चाळीस.
धक्क्यावरून आणायची मासळी, टेम्पो, बर्फ.
खाडीपाशी आली आणि थांबली.
"खारी येगली," म्हणाली, आणि सुरी धुतली.

फोर्टातल्या ऑफिसात सर वाईट नाहीत.
फळ्यावर दोन रेघा काढून समजावतात:
आज दंड फिल्टरपेक्षा स्वस्त आहे,
म्हणून कंपनी तो भाड्यासारखा भरते.
टनामागे कर असा बसवायचा
की साहेबाचा हात आपणहून फिल्टरच्या बटणाकडे जावा.
त्यासाठी आकडा लागतो.
आकडा नसला की सरकार नुकसान शून्य धरतं.

आणि चांगुणाबाईंची ओळ?

"तिने काहीच देणार नाही म्हटलं ना?
त्याला निषेध-शून्य म्हणतात. ते सरासरीत घेत नाहीत.
किती आहेत असे?"

एकेचाळीस.

"गाळ."

मी गाळले. एकेचाळीस उंबरे
एका कळीने.
सरासरी सत्त्याऐंशी रुपये आली,
सर खूश झाले, म्हणाले, मंत्रालयात निदान बोलता येईल.
खरंच बोलता येईल, हेही मला पटतं,
आणि तेच टोचतं.

निघताना तिच्याकडून मी एक वाटा घेतला होता.
हितल्याच का, विचारलं.
"मंग काय लंडनच्या?" साठ रुपये,
घासाघीस केली नाही.

घरी कालवणाला घासलेटचा वास आला.
आईने झाकण उचलून पाहिलं,
काही न बोलता दोन आमसुलं जास्त टाकली,
आणि आम्ही जेवलो.

त्या दोन आमसुलांचा खर्च
मी कुठल्याच रकान्यात भरला नाही.