तीस सेकंद, तीस मिनिटं

त्र्यंबक रोडच्या तलावावर जानेवारीत सकाळी सहाला
पाण्यावर वाफ असते, पाण्यात कोणी नसतं.
मी पेटी उघडतो : सुया, पट्ट्या, कापूस, स्पिरिट,
आणि एक मीटर, जो दहा अंशांखाली चालत नाही
म्हणून तो काखेत धरून बसतो,
अंड्यावर बसावं तसा.

समिधा बेंडकुळे. वय तेरा. उंची एकशे एकावन्न.
"सर, दुखेल का?"
"कानाच्या पाळीला टोचतो फक्त. कान टोचलेत ना तुझे?"
"तेव्हा खूप रडले होते म्हणे."

आधी तीस सेकंद.
कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर,
दोर काट्याला, काटा भिंतीला.
शिट्टी होते आणि ती जीव तोडून पोहते
जिथे आहे तिथेच.
मागे पाणी उकळतं, पुढची फरशी हलत नाही.
पडद्यावर रेघ चढते, नऊ किलो,
मग साडेसात, सहा,
शेवटी पाचावर येऊन लोंबते.
देवरे सर म्हणतात, ही उसनवारीची ताकद.
आधी खर्च, श्वास नंतर फेडतो.

तीन मिनिटांनी थेंब घेतला. सहा पॉइंट दोन.
फैजान कोकणीचा अकरा आला होता;
तो गटारीशी जाऊन ओकला आणि हसत परतला.
त्याला मिसरूड फुटलीय.
तेराच्या अंगात हे आम्ल अजून पुरतं तयार होत नाही,
त्यासाठी मोठं व्हावं लागतं.
"चांगलंय का?" तिने विचारलं.
"आहे ते आहे," मी म्हटलं.

मग रविवारी तीस मिनिटं. न थांबता, एका लयीत.
माझं काम एवढंच :
पन्नास मीटरला एक काडी,
चार उभ्या, एक आडवी.
पांडवलेण्यांच्या डोंगरावर ऊन चढलं.
मी बघत राहिलो, कोपर कसं वर येतं,
तिसऱ्या हाताला श्वास,
पुन्हा तिसऱ्या हाताला,
कुणाचं काही देणं नसल्यासारखा.
काड्या राहून गेल्या.

शिट्टी वाजली तेव्हा कागदावर एकोणतीस होत्या.

गॅलरीत तिचे वडील, सातपूरची नाइट करून थेट आलेले,
हेल्मेट मांडीवर, डोळे मिटलेले.
मी उगाच विचारलं.
"सदतीस," ते म्हणाले. "अडतिसावी अर्धी."
"जागे होतात?"
"छे. वळताना भिंतीला पाय मारते ना, तो आवाज.
प्रेसवर असंच मोजतो आम्ही.
चुकलं की बोट जातं."
हात त्यांनी दाखवला नाही. मला दिसला.

अठराशे पंच्याहत्तर मीटर. शंभराला एक मिनिट छत्तीस.
लिहून टाकलं.
प्रबंधात मापनपद्धतीचं एक प्रकरण असतं,
तिथे काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.

ती वर आली, ओठ निळे, टॉवेल विसरलेली.
"सर, किती झाल्या?"
विचारलं मला,
बघत होती गॅलरीकडे.