खिडकीवाली

गाडी बघायला शुक्रवारी भर दोनला जायचं,
हे मला कुंजुमोननं शिकवलं.
सकाळी प्रत्येक गाडी सज्जन असते.
ऑगस्टात, वादी कबीरच्या फुफाट्यात,
पत्रा तापला की ती बोलायला लागते.
एसी दम टाकतो,
डॅशबोर्डचा चिकटवलेला तडा उकलतो,
आणि मागचं दार उघडलं की कळतं
इतकी वर्षं तिनं काय वाहिलं.

पहिलीनं सुरमई वाहिली होती.
विकणारा म्हणाला, लिंबानं धुऊ, फिनेलनं धुऊ,
वास खलास.
मी मालवणचा. मला माशाचा वास शिकवतो!
पण पडद्याच्या कापडाला आठवण असते;
उद्या कुठल्या व्हिलाच्या दिवाणखान्यात
बाईसाहेब पडदा ओढतील
आणि सुरमई हळूच आत येईल.

दुसरीच्या कुशीवर, नव्या रंगाखालून,
अजून वाचता येत होतं कुणा लाँड्रीचं नाव
आणि फोनचे शेवटचे चार आकडे.
पहिले चार पुसलेले.
नाहीतर मी लावला असता फोन,
विचारलं असतं, काय झालं हो?
किलोमीटर फार कमी दाखवत होती,
आणि क्लचच्या पायपट्टीचं रबर
पार गुळगुळीत, देवळाच्या पायरीसारखं.

हाजी गुल म्हणतो इंजिन बघ.
इंजिन कुंजुमोन बघेल, कान लावून,
डॉक्टरासारखा डोळे मिटून.
मला हवे तीन मीटर.
पडद्याची दांडी वाकत नाही,
आणि कापून जोडलेली दांडी
गिऱ्हाइकाला रस्त्यावरूनच दिसते.

तिसरी पांढरी. इथं सगळ्याच पांढऱ्या.
मोजपट्टीची जीभ मध्येच मुरडली
तेव्हा मी सरळ आत आडवा झालो,
पाय सीटच्या पाठीला, हात ताणून दाराकडे.
हाजी हसला: कबर घेतोयस की गाडी?
छत अगदी जवळ होतं.
छत ओळखीचं होतं.

सीबचा विमानतळ, नव्याण्णव साल, रात्र.
आम्ही नऊजण अशाच एका गाडीच्या मागे,
बॅगांवर, एकमेकांच्या गुडघ्यांवर.
खिडकी नव्हती.
हा देश मी पहिल्यांदा बघितला
चाकावरच्या गंजक्या भोकातून:
रुपयाएवढं भोक, त्यात पळणारा रस्ता,
अधूनमधून एक पिवळा पट्टा.
शेजारचा पोरगा, गुहागरकडचा, सारखा विचारायचा,
काय दिसतंय? काय दिसतंय?
मी सांगितलं, समुद्र.

उठलो. पाठभर धूळ.
म्हणालो, ती चौथी दाखवा. खिडकीवाली.

कुंजुमोननं कपाळाला हात लावला.
एकशे ऐंशी रियाल जास्त,
ऊन येईल, मखमल विटेल,
माल दिसेल, कुणी काच फोडेल.
सगळं खरं. आमच्या हिशेबाच्या वहीत
त्या काचेला रकाना नव्हता.
मी म्हणालो, हिच्यात दांडी तिरकी बसते.
तेही खरंच होतं.
तिसरीतही बसली असती, हे बोललो नाही.
तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला,
टायर तरी नवे मागून घे.

मुल्किया झाला, हप्ता सुरू झाला.
दांडी तिरकी झोपते,
टोक दोन सीटांमधून पुढे येतं,
ब्रेक मारला की माझ्या कोपराला ढोसतं.
शालन म्हणाली, उरलेल्या कापडाचा
एक छोटा पडदा शिवते खिडकीला,
शोभेल, आपली जाहिरातही होईल.
नको म्हटलं. का, ते तिनं विचारलं नाही.

मागे माणूस बसवायचा नाही,
हा आमच्या दुकानाचा नियम.
कापडाचे गठ्ठे बसतात,
आणि कुरुमच्या वळणावर समुद्र दिसला
की सगळे एका बाजूला कलतात.