अकरा सेंटिमीटर

माझ्या दुकानात लोक उंची सोडून जातात.
चार बोटं, वीतभर, कधी नुसती नखाएवढी पट्टी.
पडद्यांची, झग्यांची, पँटींची.
परत न्यायला कुणी येत नाही.

वूच शहर. नावाचा अर्थ होडी,
आणि ती सोडायला म्हणाल तर धड नदी नाही.
धुराडी आहेत. त्यांच्याखाली गिरण्या होत्या.
जिथे आईचे माग खडखडत
तिथे आता लोक कॉफी पितात, हळू आवाजात.

नोव्हेंबर सरला की टेबलाखालचं पोतं मी उपडं करते.
ट्रॅम हाकणाऱ्या ग्रात्सियानच्या गणवेशाचा मासा होतो,
डोळ्याच्या जागी त्याचंच तुटकं बटण.
दोब्रोस्वावाच्या लग्नातल्या झग्याची घंटा:
साटिन निसटतं फार, सुईला दाद देत नाही,
नवराही तसलाच निघाला, म्हणते ती.
कुणाच्या मखमली पडद्याची अळंबी.
आत भरायला जमिनीवरचे दोरे, सुताचा भुगा,
केरसुणीच्या तोंडचा घास काढून.
उलट्या बाजूने शिवायचं, बोटभर तोंड उघडं ठेवायचं,
मग पेन्सिलीने सुलटं करायचं, जपून.
घाई केली की माशाची शेपटी फाटते.

दुकानातल्या झाडावर सगळे टांगते. विकत नाही.
ज्याचं कापड त्याने उचलावं.
आणि ओळखतात हो लोक.
"हा मी," म्हणतात, चष्मा वर करून.

आता कबूल करायचं ते असं:
वाढत्या मुलाची पँट कापू नये, दुमडावी.
हे मला कुणी शिकवायला नको.
पण गेल्या वर्षी मिरेला आली,
थोरल्याची पँट धाकट्याच्या मापाची करून हवी होती,
आणि कापड काय सांगू!
निळं. बर्फ पडायच्या आधी
दुपारी चारला छपरांवर येतं, तसं.
मला मोह झाला.
"दुमडली तर जाड दिसेल," मी म्हणाले, तोंड वर करून.
अकरा सेंटिमीटर. दोन्ही पायांची. चरर्.
त्या दोन पट्ट्यांचा तारा केला,
आणि तेवढा एक कुणाला दिला नाही.

आज चोवीस तारीख. दोनला मी कुलूप शोधत होते.
दारात मिरेला, मागे क्सावेरी,
पँट घोट्याच्या वर, दोन वेगळे मोजे.
"रात्री चर्चमध्ये पहिल्या रांगेत गायचंय त्याला.
नवीन या महिन्यात नाही जमणार.
आत काही सोडलं असशील ना, लेओकादिया?"

आत काही नव्हतं.
मी उगाच शिवण उलटून पाहिली, चाचपली,
बाईने खोटं बोलताना हाताला काम द्यावं तशी.
मुलगा मात्र झाडाच्या शेंड्याकडे बघत होता.
"तो माझा पाय आहे," तो म्हणाला.

स्टूल घेतलं. तारा उतरवला.
नशीब, कात्री लावली नव्हती,
नुसत्या चुण्या, आणि मध्ये पाच टाके.
ते उसवले तसा तो माझ्या हातात
पुन्हा लांबट, मुकाट कापड झाला.
इस्त्री दिली, वाफ दिली, ओलं फडकं ठेवून दाबलं.
क्सावेरी मोजे घालून टेबलावर बसला होता,
गाण्याची पहिली ओळ पुन्हा पुन्हा चुकवत.

सहा सेंटिमीटर लागले.
पाच आत ठेवले, दुमडून,
तेव्हाच ठेवायला हवे होते तसे.

पैसे विचारले तिने. मी सुई शोधत असल्यासारखं केलं.

सगळ्या चुण्या काही गेल्या नाहीत.
रस्त्यावरच्या दिव्याखालून तो पळत गेला तेव्हा
घोट्यांपाशी रेघा दिसत होत्या, फाकलेल्या,
बारीक. माहीत असेल त्यालाच दिसतील.

झाडाच्या शेंड्याला नुसता दोरा.
मासा लावून पाहिला. काढला.
मग दुकान बंद केलं,
खिशात कुलपाची किल्ली, आणि पाच टाक्यांचा निळा दोरा.