शून्याच्या खाली आठ

म्याकल सिस्टरनी पेटी काउंटरवर ठेवली.
कडी तुटलेली, म्हणून सुतळी बांधलेली.
"बघ बे जरा, पारा वर जाताना अडतोय.
डॉक्टर म्हणतात डिजिटल घेऊ.
म्हटलं, आधी याला दाखवते."

साखर पेठेत माझं दुकान एवढंच,
की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं.
पत्रा तापलेला. पंखा बंद, कागद उडतात म्हणून.
दार मात्र उघडं.
पाऱ्याला वास नसतो, त्याचीच भीती जास्त.

आधी गळती.
पट्टा कशाभोवती तरी गुंडाळावा लागतो.
माझ्याकडे वडिलांच्या मागाचा रूळ आहे,
वीतभर कापून ठेवलेला, दंडाइतका जाड.
दोनशेपर्यंत फुगवायचं, झडप आवळायची,
आणि मिनिटभर कशालाही हात लावायचा नाही.
चारपेक्षा जास्त उतरलं तर कुठंतरी भोक.
अकरा उतरलं.
नळी साबणाच्या पाण्यात बुडवली,
फुग्याच्या मानेपाशी बुडबुड्यांची बारीक माळ.
नळी बदलली. परत दोनशे. परत मिनिट.
लाकूड दाब धरून बसलं,
माणसानं बसू नये तसं.

सिस्टर पायरीवर फोनवर:
"नळ आला का? मग पिंप भर आधी, कपडे राहू दे."

वरची चामड्याची चकती धुळीनं बुजलेली.
हवेला वाटच नाही,
ठोका पडून जायचा आणि पारा अजून निम्म्यात.
चकती नवी घातली.
पारा ओतला कागदाच्या पुडीत,
टोकाला टाचणीनं पाडलेलं भोक.
खाली थेंब थेंब लखलखीत,
आणि पुडीत उरली काजळी, बोटभर.
ती बाटलीत बंद केली. नाल्यात टाकत नाही मी.

मग शून्य.
फरशीवर पेटी सरळ ठेवली, हवा सोडली,
डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला.
शून्याच्या खाली आठ.

बिजागरीच्या फटीत दोन मणी सापडले,
मोहरीएवढे.
बाकीचे कुठल्या फरशीत गेले, कोण सांगणार.
"कधीपासून?" सिस्टरनी विचारलं. फोन खाली आला होता.
पाऱ्यावर तारीख नसते.

विडी घरकुलातला तो दवाखाना.
मंगळवारची रांग, मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाया,
नंबर येईपर्यंत निदान पन्नास विड्या वळून व्हाव्यात म्हणून.
त्यात अम्मा.
घरी येऊन सांगायची, एकशे छत्तीस,
डॉक्टर म्हणाले चालतंय.
मी आठ मिळवले.
मनात, मग कागदावर, मग परत मनात.
एकशे चव्वेचाळीस.

गेल्या संक्रांतीपासून
तिच्या उजव्या हाताला पान दुमडता येत नाही.
आठानं काय होतंय, असंही कुणी म्हणेल.
खरंही असेल.
मी यंत्रं दुरुस्त करतो, मला तेवढंच कळतं.

ड्रॉपरनं पारा सोडला,
शून्याला टेकेपर्यंत,
टेकल्यावर एक थेंब परत घेतला.

सिस्टरनी बाही सरकवली.
"लाकडाचं झालं. आता माझं बघ."
पट्टा बांधला, तिचाच स्टेथो कानात घातला.
एकशे अठ्ठावन्न.
"परत."
एकशे अठ्ठावन्न.
"परत फुगव बे."
तिसऱ्यांदा दोन कमी.

ती बराच वेळ रुळाकडे बघत बसली.
मग म्हणाली, "रजिस्टर काढायला लागेल.
दोन वर्षांचं तरी. सगळ्यांना परत बोलवायला लागेल."
"माझ्या अम्मालाही," मी म्हटलं.
"तिला मी घरी येऊन बघते."

चिठ्ठी चिकटवली: शून्य तपासलं, तारीख, सही.
साडेतीनशे झाले.
तिनं तीनशे मोजले,
आणि सुतळी बाजूला ठेवत म्हणाली,
"कडी पण लावून दे की."