सात चिंध्या आणि एक वीत

अडावदच्या शाळेमागे चैत्र तापलेला.
सोनवणे सरांकडे स्टॉपवॉच नव्हतं.
होतं ते एकदा प्रयोगशाळेच्या हौदात पडलं
आणि अकरा वाजून सात मिनिटांवर कायमचं थांबलं.
सर म्हणाले, घड्याळ कशाला?
उंची हेच घड्याळ.

रविता बारेलाचा खांदा भिंतीशी मोजला,
खडूची रेघ ओढली: सव्वा मीटर.
रेघेच्या उंचीवर बांधली कपड्यांची दोरी,
या खिळ्यापासून त्या निंबाच्या फांदीपर्यंत,
आणि सांगितलं, चेंडू हिच्या अंगाअंगाने जाऊ दे,
आडव्या हाताने, ना वर ना खाली.

पहिला चेंडू वर चढला, मग उतरला,
लोटनच्याही मागे, थेट नवव्या चिंधीपाशी.
(चिंध्या आमच्या नानांच्या केळी लागवडीच्या दोरीच्या,
पाच-पाच फुटांवर लाल.
न विचारता आणलेली.)
रविता हसली. सरांनी वहीत फुली मारली.
ही चढण झाली, म्हणाले, वेग नाही.
ती रुसली. नऊ चिंध्या तिला हव्या होत्या.

चेंडू बादलीत बुडवायचा, म्हणजे डाग पडतो;
डाग उन्हाने प्यायच्या आत
लोटनने विटेच्या तुकड्याने रेघ मारायची.
दोन डाग असेच वाळून गेले.
काकू डोक्यावर चारा घेऊन थांबली:
काय चालू से हाई? हात दुखी ना तुना, पोरी!
रविताचा हात दुखत नव्हता.
ज्वारीवरची पाखरं उठवायला
ती माळ्यावरून अख्खा हिवाळा दगड फेकायची
आणि कुणी मोजलं नव्हतं.

माझं काम सोपं. मी तिच्या बाजूला उभी,
हातात दुसरा चेंडू, त्याच रेघेवर.
तिने सोडला की मी सोडायचा. फेकायचा नाही,
फक्त मूठ उघडायची.
बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं.

सहाव्या खेपेला ऐकू आलं:
टप.
एकदाच. दोन चेंडू, एक टप.
एक माझ्या चपलेशी,
एक पार निंबापलीकडे,
आणि जमिनीला दोघांची वेळ सारखीच.

मग सर उकिडवे बसले, काडीने मातीत:
सव्वाला पाचाने भागा, पाव.
पावाचं वर्गमूळ अर्धा.
पाव लहान नि त्याचं मूळ मोठं?
लोटनला हे पटेना. मला अजूनही जरा नवलच वाटतं.
अर्धा सेकंद, म्हणाले सर, एवढाच वेळ मिळाला चेंडूला,
त्यात तो गेला किती ते मोजा.

सात चिंध्या, वर रविताचीच एक वीत.
दहा मीटर नव्वद.
अर्ध्या सेकंदात एवढं, तर एका सेकंदात दुप्पट,
आणि तासाला
अठ्ठ्याहत्तर किलोमीटर, वर थोडं.
हवेने खाल्लं ते धरलं नाही, सर म्हणाले,
हवेचा हिशेब पुढच्या वर्गात.

एवढी तर चोपड्याची एसटीही पळत नाही.
रविता काडीचे आकडे ओलांडून उभी राहिली,
पाय पडू नये म्हणून जपून.
हा माझा? तिने विचारलं.
तुझ्या हाताचा, सर म्हणाले.
तिने तो तळहातावर लिहून घेतला, उजव्या नाही, डाव्या.

माझ्या चेंडूपुढे सरांनी लिहिलं:
आडवा वेग, शून्य.
आणि वेळ? मी विचारलं.
अर्धा सेकंद. तोच.

दोरीवरून नानांचं बोलणं खाल्लं ते मीच.

आता मी केळीच्या काट्यावर बसते,
ट्रकच्या पावत्या फाडते.
रविता कुठे असते ते नीट ठाऊक नाही,
कुणी म्हणतं शिरपूर, कुणी त्याहून पलीकडे.
कधी दुपारी काट्यावर कुणी नसलं
की खांद्याच्या उंचीवर एक लिंबू धरते,
मूठ उघडते,
आणि ते पायाशी टेकतं तेव्हा
मान वर करून
सात चिंध्या आणि एक वीत अंतरावर बघते.