उष्ट्या पात्या

नोव्हेंबरात लीपायाला दिवस चारलाच मिटतो.
तालमीहून येतो, कोट खुंटीला,
आणि स्वयंपाकघरातलं टेबल दुकान होतं.

टेबलावर तीन चाकू.
एक सोलायचा, एक तासायचा,
तिसऱ्याला कुणी हात लावायचा नाही, विल्मानंसुद्धा.
पेल्यात कोमट पाणी, पाण्यात बोरूच्या पट्ट्या.

फ्रान्सच्या दक्षिणेला उगवलेला बोरू
खोक्यातून इथवर येतो,
पिवळा, ठणठणीत वाळलेला,
कुणा दुसऱ्याच्या उन्हाळ्याची थकबाकी.
मी तो भिजवतो, दुमडतो,
दोऱ्याचं टोक दातात धरून नळीला बांधतो.
मुलांसाठी लाल दोरा, कॉलेजांसाठी हिरवा,
वादकांसाठी काळा. काळ्याचे पाच युरो जास्त.
पैसे रंगाचे नाहीत, तासण्याचे आहेत,
असं मी सांगतो,
आणि बहुतेकदा ते खरंही असतं.

ठरवून काही झालं नाही.
ज्या वर्षी बॉयलर गेला
आणि पगारवाढ तिसऱ्यांदा पुढच्या हंगामावर गेली,
त्या वर्षी रीगाच्या एका मास्तरांनी वीस पात्या मागितल्या.
मग चाळीस. मग एस्टोनियातून एक बाई.
आता करखात्यात माझ्या नावापुढे दोन धंदे:
एक, वादक.
दोन, लाकडी वस्तूंचं किरकोळ उत्पादन.
बोरू हे गवत आहे हो, मी खिडकीतल्या बाईंना म्हणालो.
गवताला रकाना नाही, त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी दुसऱ्या रकान्यानं पहिल्याला मागे टाकलं.
हे विल्माला ठाऊक आहे. ऑर्केस्ट्रात कुणाला नाही.

एवढं मात्र आहे,
पाती वाजवून पाहिल्याशिवाय विकता येत नाही.
एकूण एक माझ्या ओठांतून जाते,
कावळ्यासारखी ओरडते,
मी केसभर तासतो, पुन्हा ओठांत, पुन्हा चाकू.
शेवटी स्पिरिट, फडकं, डबी.
डबीवर लिहितो: तपासलेली.
उष्टी, असं कोण लिहील?

दहातली एखादी अशी उतरते
की ओठ लावताच खोलीतली हवा सरळ होऊन बसते.
सुरुवातीला ती मी ठेवून घ्यायचो.
मग बेर्गेनची लिस्बेट लिहू लागली,
सर्वांत चांगली ती मला, किंमत विचारणार नाही.
आणि बॉयलरचे हप्ते होते,
आणि दुसऱ्या ओबोच्या वाट्याला एकट्यानं वाजवायचं
येतं तरी किती?
हंगामात चार सूर, तेही नगाऱ्यांखाली.
गवळ्याच्या घरी ताक, तसा मी
आठव्या-नवव्या पातीवर वाजवत राहिलो.

फेब्रुवारीत एका रात्री रेडिओ चालू होता.
कुठलासा संथ भाग, तारवाद्यं गप्प झाली
आणि ओबो एकटा निघाला.
माझा चाकू थांबला.
डावीकडे मी किंचित जास्त तासतो,
लहानपणी अंगठा दारात सापडला तेव्हापासून.
त्यामुळे वरचा सूर निघताना
कणभर खरखरतो, मग मोकळा होतो.
तो खरखरला. मोकळा झाला.
विल्मा भांडी पुसत होती.
हे कधी रेकॉर्ड केलंस, तिनं विचारलं.
मी नाही, म्हटलं. बेर्गेनचा ऑर्केस्ट्रा आहे.
ती काही बोलली नाही.
बशी मात्र बराच वेळ पुसत राहिली.

गेल्या गुरुवारी आयनार्सला ताप भरला.
सकाळी फोन आला: पहिली खुर्ची आज तुझी.
टेबलावर बेर्गेनचं पाकीट,
चिकटवलेलं, पत्ता घातलेला, तिकिटं लावलेली.
मी बाकीच्या डब्या उघडून पाहिल्या.
लाल दोऱ्याच्या होत्या, शाळेतल्या पोरांच्या,
तेवढ्यावर निभलंही असतं.

तिसरा चाकू चिकटपट्टीवर पहिल्यांदाच चालला.

त्या रात्री कसं वाजलं ते मी सांगू नये.
बाहेर समुद्राकडून वारा नेहमीसारखाच होता,
कोटाची बटणं लावता येईनात, एवढं आठवतं.

शुक्रवारी लिस्बेटला कळवलं,
यावेळी नऊच पाठवतोय.
दहाव्या पातीचे पैसे परत केले आहेत.
ती उष्टी झाली.