नवव्या मजल्याची पूर्व

मंगळवारी पहाटे चारला
आठव्या आणि नवव्याच्या मधल्या फटीत मी शिरतो.
वर घर, खाली घर,
मध्ये आडवी निजलेली पवनचक्की
आणि मी पालथा, ग्रीसची बंदूक हातात.
सातपुड्याकडून वारा सुटला की
पाती आधी खाकरतात, मग बोलू लागतात.

ब्राह्मणवेलच्या डोंगरावर सहा वर्षं
उभ्या पवनचक्क्यांना तेल पाजलं.
तिथला वारा अंगावर यायचा.
इथला चोरासारखा फटीतून येतो
आणि जाताना वीज ठेवून जातो.

बावीस मजले, प्रत्येक आपल्या मर्जीनं फिरणारा.
जळगाव स्टेशनवरचा रिक्षावाला विचारतो,
"भो, दार कोणत्या अंगाला?"
मी म्हणतो, "किती वाजता?"

नकाशा काढणारी झोपे मॅडम सावद्याची.
केळीचं पान वाऱ्यात चिरफळतं,
म्हणून खोड उभं राहतं,
हे तिनं बापाच्या मळ्यात पाहिलेलं.
तिनं इमारतीला फटी ठेवल्या.
बिल्डरला त्या वाया गेलेल्या जागा दिसल्या.
दोन वर्षं भांडण. फटी राहिल्या.

नवव्यावर द्वारकाबाई भारंबे.
वैशाखात बटण दाबून घर उन्हामागं फिरवतात,
गॅलरीत उडदाचे पापड,
एकही एका अंगानं ओला नाही.
दहाव्यावाले त्याच उन्हाला पाठ देऊन बसतात.
खालून बघावं तर
पंगतीत भांडण झाल्यासारखी इमारत,
ज्याचं त्याचं तोंड भलतीकडं.

बाईंची तक्रार एकच:
"तुळस पूर्वेला ठेवली रे,
पण पूर्वच जागेवर राहत नाही."
मी कुंडीखाली एक चकती बसवून दिली,
घर जितकं उजवीकडं, तितकी ती डावीकडं.
याचं बिल केलं नाही.

मग मे महिन्यातला तो दिवस.
पारा सेहेचाळीसच्या वर, वारा मेलेला.
गच्चीवर ऊन मणानं पडलेलं
आणि इन्व्हर्टर तापून मुका.
बॅटरी लिफ्टपुरतीच.
नववा मजला अर्ध्यात थांबला,
दारासमोर लिफ्ट नाही, भिंत.
आत द्वारकाबाई. तीनला डायलिसिस.

माझे वडील, उखर्डू, भुसावळच्या लोको शेडमध्ये होते.
गोल खड्ड्यातल्या रुळावर इंजिन उभं करायचं
आणि दोन माणसांनी दांड्याला खांदा लावून
ते काळं धूड फिरवायचं.
"जोर नाही लागत," म्हणायचे, "तोल लागतो.
वीतभर पुढं उभं राहिलं
तर दहा जण आण, हलणार नाही."
मी ऐकायचो आणि विसरायचो.

भिंतीला तोंड लावून ओरडलो,
"मावशी, घरात जड काही नवीन आलंय?"
आतून बराच वेळ काही नाही.
मग, "गहू रे. बारा पोती. कालच. मागच्या खोलीत."

नातू आत होता, नववीतला.
सहा पोती त्यानं ओढत समोरच्या खोलीत नेली,
फरशीचं रडणं आम्हाला बाहेर ऐकू येत होतं.
मी ब्रेक सोडला.
एका दांड्याला मी, दुसऱ्याला वॉचमन सुभान तडवी.
तो म्हणाला, "येडा झाला का? घर आहे हे."
खांदा लावला.

काही नाही.
परत लावला.

बेअरिंगमध्ये कुठंतरी
माझंच मंगळवारचं ग्रीस सरकल्याचा आवाज आला,
आणि घर हललं, बोटभर,
मग हातभर, मग आम्हालाच आवरेना.

दार समोर आलं.
बाई चप्पल घालून उभ्या,
हातात पापडाचा डबा.
"घे आधी," म्हणाल्या, "मग लिफ्टचं बटण दाब."

संध्याकाळी वारा आला, मजले परत
आपापल्या मर्जीला लागले.
मी पुन्हा वर गेलो.
चकतीला वीज नव्हती, घर मात्र फिरलेलं,
तुळस लिफ्टकडं तोंड करून उभी.
होकायंत्र खाली राहिलं होतं.
सातपुडा डाव्या हाताला घेतला,
आणि कुंडी हातानंच
हळू फिरवली.